राहुलाचा आरसा : प्राचीन बौद्ध वाङ्मय आणि आमच्या चुका

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'अभिजात वाङ्मय आणि आम्ही' या विषयावर लिहिण्यास सुचविले, तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. आम्ही इतिहासाचे शिक्षक, वाङ्मयाचे नव्हे. पाली शिकण्यास आम्ही आरंभ केला तो चाळिशी ओलांडल्यावर, रविवारच्या सुट्टीत, एका प्राध्यापक मित्राच्या घरी बसून. आजही मूळ सुत्त वाचताना भाषांतर शेजारी उघडे ठेवावे लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबर पाली आणि प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, त्यानंतर आपल्या शाळेत पेढे वाटले गेले, हे अनेक पालकांना स्मरत असेल. पेढा हातात घेऊन सातवीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, अभिजात म्हणजे जुनं का?" आम्ही घाईत 'होय' म्हणून मोकळे झालो. उत्तर चुकले होते. जुने तर पुष्कळ असते. जे वाचताना वाचणाऱ्याचीच चूक त्याला सापडते ते अभिजात, असे आज आम्ही त्यास सांगू. ही व्याख्या कोणत्याही ग्रंथातील नाही. आमच्यावर जे गुजरले त्यातून ती आली आहे, आणि तेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्या शहरात हा विषय निघाला की पहिले नाव येते ते मिलिंदाचे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय तेव्हा अत्यल्प होती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे बाबासाहेबांच्या इच्छेने महाविद्यालयास मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणजे महाविद्यालयाला नाव प्रश्न विचारणाऱ्याचे आणि भूमीला नाव उत्तर देणाऱ्याचे. आपल्या पालकांपैकी कित्येकांचे वडील तेथे शिकले. पण मिलिंद कोण, असे विचारले तर 'मिनँडर नावाचा ग्रीक राजा' याच्या पुढे बहुधा कोणी जात नाही.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील या राजाची राजधानी सागल, म्हणजे आजच्या सियालकोटचा प्रदेश. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तो भन्ते नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारतो. त्यातील रथाचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक असतो. आम्हांस मात्र त्याच्याच आसपासचा एक छोटा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. राजा म्हणतो, माझ्याशी चर्चा कराल काय? नागसेन अट घालतात : पंडितासारखी चर्चा करणार असाल तर होय, राजासारखी करणार असाल तर नाही. राजाने फरक विचारल्यावर ते सांगतात की पंडितांच्या वादात गुंता होतो, उकलतो, एखाद्याचे खंडन होते, तो आपली चूक मान्य करतो आणि तरी रागावत नाही. राजे मात्र एखादे विधान करतात आणि जो त्यास विरोध करील त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद हे ऐकून पंडितवाद स्वीकारतो. सिंहासनावर बसलेल्या माणसाने हे मान्य केले, हे आम्हांस त्याच्या सर्व विजयांपेक्षा मोठे वाटते.

आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांस एक परिपाठ आठवला.

या गोष्टीला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आठवीत जालना जिल्ह्यातील एक विद्यार्थी होता. आईवडील ऊसतोडीला जात. दसरा उलटला की मुकादमाची उचल घेऊन गाव सोडायचे आणि उन्हाळ्यात परतायचे; म्हणून मुलगा वसतिगृहात. आम्ही ठेवलेल्या निबंध स्पर्धेत त्याने बाबासाहेबांवर इतका नेटका निबंध लिहिला की आम्हांस शंका आली. शोधल्यावर बाजारातील एका निबंधमालेत तो अक्षरशः सापडला. "हा निबंध तुझाच का?" असे विचारले. तो म्हणाला, "हो सर, माझाच." दुसऱ्या दिवशी परिपाठात, प्रार्थना व प्रतिज्ञा झाल्यावर, आम्ही एका हातात ते पुस्तक व दुसऱ्या हातात त्याची वही घेऊन दोन्हींतील ओळी आळीपाळीने मोठ्याने वाचल्या. मुले हसली. तो खाली मान घालून उभा राहिला. दिवाळीच्या सुट्टीत तो गेला तो परत आला नाही. आम्ही गावच्या पत्त्यावर दोन पत्रे धाडली. उत्तर आले नाही. आईवडिलांबरोबर तोही फडावर गेला, असे पुढे कळले.

हा राजवाद होता. हातात शिक्षेचा अधिकार आणि समोर तेरा वर्षांचा प्रतिवादी. त्या वेळी मात्र आम्हांस आपण सत्याची बाजू घेतली असेच वाटत होते.

पाली वाचू लागल्यावर मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त आमच्या वाट्यास आले. अट्ठकथेच्या म्हणण्याप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. विषयही तोच, खोटे बोलणे. आम्ही ते वाचताना पहिल्या चार ओळींतच थांबलो. तथागत राहुलाला सभेत बोलावत नाहीत. सायंकाळी स्वतः उठून तो राहतो तेथे जातात. राहुल आसन मांडतो, पाय धुण्यास पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडेसे पाणी मुद्दाम उरवलेले असते, आणि शिकवण सुरू होते ती त्या उरलेल्या पाण्यापासून. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही त्याचे श्रमणपण या पाण्याइतके थोडे. मग ते पाणी ओतून दिले जाते, भांडे पालथे घातले जाते, पुन्हा सुलटे करून त्याचे रितेपण दाखवले जाते. घरातली वस्तू, कोणी तिसरा साक्षीदार नाही, आवाज चढवलेला नाही. अध्यापनाच्या पदविकेत आम्ही दृक्-साधनांवर पंधरा गुणांचा प्रश्न सोडवला होता. तिथे हे उदाहरण कोणी सांगितले नाही.

त्यानंतर तथागत विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल सांगतो. तसेच कायेने, वाणीने, मनाने कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पुनःपुन्हा पाहावे. यातून आपल्याला वा दुसऱ्याला पीडा होते काय? होणार असेल तर करू नये, होत असेल तर थांबावे. होऊन गेली असेल तर? कायेने आणि वाणीने घडलेली चूक शास्त्यापुढे किंवा जाणत्या सहचाऱ्यांपुढे उघड करावी आणि पुढे संयम पाळावा. मनात आलेल्या अकुशलाबद्दल मात्र कबुली सांगितलेली नाही, तेथे लाज आणि किळस वाटावी एवढेच आहे. हा भेद आम्हांस फार व्यवहारी वाटतो. मुलांच्या मनात आलेले सर्व काही वदवून घेण्याचा हव्यास शिक्षकाने धरू नये.

आम्ही हे सुत्त मनावर घेतले आणि त्यातील सांगितलेले केलेही. सहकाऱ्यांपुढे, शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात, एकदा वर्षावासातील धम्मवर्गात, आम्ही त्या परिपाठाची हकीकत सांगितली. ऐकणारे हळहळत, काही जण आमच्या प्रांजळपणाची प्रशंसाही करीत. आम्हांस बरे वाटे. येथेच काहीतरी चुकत होते, ते कळण्यास दुसरा मजकूर लागला आणि तो ताडपत्रावरचा नव्हता, खडकावरचा होता.

सम्राट अशोक हा आमच्या तासाचा मानबिंदू. बैराट येथे सापडलेला व आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेला त्याचा शिलालेख सांगतो की भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका यांनी सात धम्मग्रंथ नित्य ऐकावे व मनन करावे. त्यांतील शेवटचे नाव राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेल्या उपदेशाचे आहे. म्हणजे आपण वर पाहिलेले सुत्त सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका सम्राटाच्या वाचनात होते. त्या सात ग्रंथांपैकी काहींची ओळख पटविण्यात आपल्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांचा मोठा वाटा आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आणि तेराव्या शिलालेखातील कलिंगाचा पश्चात्ताप तर सर्वश्रुतच : राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षी कलिंग जिंकला, दीड लाख लोक हद्दपार झाले, एक लाख मारले गेले, त्याहून कितीतरी पटींनी मृत्यू पावले. जगाच्या इतिहासात जेत्याने स्वतःच्या विजयाचे असे आकडे पश्चात्तापाने कोरवून ठेवल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हे शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एक वाक्य जोडत असू : "ज्या धौलीच्या भूमीवर रक्त सांडले, त्याच धौलीच्या खडकावर अशोकाने हा पश्चात्ताप कोरला." वाक्याला लय होती. मुले स्तब्ध होत. रेल्वेच्या नोकरीत ओडिशात बदली झालेला आपला एक माजी विद्यार्थी एके दिवशी मुद्दाम धौलीस गेला आणि त्याने तेथूनच आम्हांस फोन केला. "सर, तुम्ही सांगितलेला लेख इथं नाहीच म्हणतात." आम्ही ठामपणे म्हणालो, "नीट विचार." मग एम. ए.च्या वेळची वही काढली. तेथे आमच्याच अक्षरात, लाल शाईने अधोरेखित केलेले होते : धौली आणि जौगड येथे अकरावा, बारावा व तेरावा लेख नाहीत, त्यांच्या जागी दोन स्वतंत्र लेख आहेत. आम्ही हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही असेल, आणि वर्गात सुंदर वाक्यापायी विसरलो होतो.

तेराव्याची प्रत शाहबाजगढीला आहे, कालसीला आहे, गिरनारला आहे, एर्रागुडीला आहे. कलिंगात नाही. ज्यांचे माणूस मेले त्यांच्या दारात सम्राटाने आपली कबुली लावली नाही. असे का, याची कारणे अभ्यासक तर्काने सांगतात : जखम उघडी करू नये, बंडाला निमित्त देऊ नये. त्या जागी कोरलेले स्वतंत्र लेख तोसलीच्या महामात्रांना उद्देशून आहेत. सर्व प्रजा आपली अपत्ये आहेत, कोणालाही विनाकारण तुरुंगात डांबू नका, मत्सर, क्रोध, कठोरपणा, उतावीळपणा आणि आळस यांपासून दूर राहा, असा त्यांचा आशय. शब्दांच्या कबुलीऐवजी कारभाराची सुधारणा, असा याचा अर्थ लावता येतो आणि तो अशोकाच्या बाजूने जातो. आमचे मन मात्र दोन्हीकडे ओढ घेते. त्याच तेराव्या लेखात वनवासी लोकांना, पश्चात्ताप झाला असला तरी आमच्या हाती सामर्थ्य आहे, असा इशाराही आहे. अशोकाबद्दलचा आमचा आदर याने कमी झाला नाही. देवघरातली मूर्ती जाऊन तिथे माणूस आला, एवढेच.

येथे एक विषयांतर करतो. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आमची चूक सांगितली, तेव्हा मुलांना धीर यावा म्हणून जेम्स प्रिन्सेपची गोष्टही सांगितली. कलकत्त्याच्या टांकसाळीतील या अधिकाऱ्याने सांचीच्या लहान लहान लेखांच्या शेवटी वारंवार येणारा 'दानं' हा शब्द ओळखला आणि १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली. एवढा मोठा पराक्रम करून तो पुढच्याच पावलावर चुकला : लेखांतील 'देवानंपिय पियदसि' म्हणजे सिंहलद्वीपाचा राजा तिस्स, असे त्याने मानले. सिंहलद्वीपात पाली ग्रंथ वाचणाऱ्या जॉर्ज टर्नरने दीपवंसाच्या आधारे कळविले की पियदसि म्हणजे चंद्रगुप्ताचा नातू अशोक. प्रिन्सेपने ही दुरुस्ती विनातक्रार स्वीकारून प्रसिद्ध केली. पुढे १९१५ साली मस्कीच्या खडकावर राजाचे 'असोक' हे नावच मिळाले. मस्की तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, म्हणजे आपला मराठवाडा ज्या राज्यात होता त्याच राज्यात. आणि त्या लेखाच्या अन्य ठिकाणच्या प्रतींत अशोक काय सांगतो? उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पण पहिले वर्षभर आपण फारसा प्रयत्न केला नाही. कलिंगाच्या रणभूमीवर तलवार टाकून त्याच क्षणी बदललेला अशोक हा नाटकांचा आणि चित्रपटांचा. शिलालेखांतला अशोक सावकाश बदलला आणि मधल्या आळसाची नोंदही त्याने करून ठेवली.

धौलीच्या फोननंतर काही दिवस आम्हांस झोप नीट लागली नाही. आमच्या पश्चात्तापाच्या प्रतीही शाहबाजगढीला आणि गिरनारला लागलेल्या होत्या. कलिंगात एकही नव्हती.

माजी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने शोध घेतला. तो वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका वेल्डिंगच्या दुकानात काम करतो, असे कळले. आम्ही रविवारी गेलो. त्याने ओळखले, हात पुसले, स्टूल दिले, चहा मागवला. आम्ही जे बोलायचे ते बोललो. ठरवले होते त्याहून कमी शब्दांत. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मी ते चोरलं नव्हतं. पाठ केलं होतं. दोन रात्री बसून. आमच्या गावच्या शाळेत पाठ झालं की ते आपलं झालं म्हणायचे."

आम्ही विचारले होते, निबंध तुझा का? तो खरे बोलला होता.

मिलिंदाचा एक प्रश्न असा आहे : जाणून पाप करणारा अधिक दोषी की नकळत करणारा? नागसेन म्हणतात, नकळत करणारा. राजाला आश्चर्य वाटते. तसे असेल तर नकळत चुकणाऱ्या राजपुत्राला आणि अमात्याला आम्ही दुप्पट शिक्षा करावी काय? नागसेन प्रतिप्रश्न करतात, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा एकाने माहीत असून धरला आणि दुसऱ्याने माहीत नसताना, तर कोणाचा हात जास्त भाजेल? हा दृष्टान्त आम्हांस पूर्वी शब्दच्छल वाटे. न्यायालयात तर तो टिकणारच नाही. त्या वेल्डिंगच्या दुकानात तो कळला. जाणून चुकणारा माणूस निदान हात राखून असतो. आम्ही सत्याच्या बाजूने आहोत या खात्रीने तो गोळा पूर्ण मुठीत धरला होता, आणि भाजला तो हात दुसऱ्याचा.

आणखीही एक गोष्ट लक्षात आली. तथागतांची वाणी कित्येक शतके टिकली ती पाठ करणाऱ्यांमुळे. त्यांना भाणक म्हणत. दीघभाणक, मज्झिमभाणक अशा त्यांच्या परंपरा होत्या. ज्या त्रिपिटकापुढे आम्ही हात जोडतो ते पाठांतरानेच आले आहे, आणि पाठ करून 'माझे' म्हणणाऱ्या पोरास आम्ही चोर ठरवले. पाठांतराची दुसरी बाजूही बाबासाहेबांनीच दाखवली आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, भाणकांवर एवढा भार असताना बुद्धवचनात विपर्यास शिरणे शक्य होते, असे सांगून ते सुत्तांतील पाच उदाहरणे देतात आणि बुद्धवचन ओळखण्याची कसोटी सांगतात : ते बुद्धीला व तर्काला धरून असले पाहिजे, आणि मानवाच्या कल्याणाशी त्याचा संबंध असला पाहिजे. त्या पाचांतील अलगद्दूपम सुत्तात साप चुकीच्या जागी धरणाऱ्याचा दृष्टान्त आहे. धम्म चुकीचा धरला तर तोही असाच उलटून डसतो. तेव्हा निबंध पाठ करणे पुरेसे नव्हते हे खरे. पण ते त्याला शिकवणे आमचे काम होते, आणि त्यासाठी एक तास, एक खोली आणि उरलेले थोडे पाणी एवढे पुरले असते.

त्याने आम्हांस क्षमा केली काय? त्याने तसे म्हटले नाही आणि आम्ही विचारले नाही. अजातशत्रू पितृहत्येची कबुली देतो तेव्हा तथागत ती स्वीकारतात. चूक चूक म्हणून पाहणे हीच वाढ आहे, असा त्यांचा अभिप्राय. पण राजा निघून गेल्यावर ते भिक्षूंना सांगतात की त्याने पित्याला मारले नसते तर आज याच आसनावर त्याला धम्मचक्षू प्राप्त झाला असता. कबुलीने गेलेली संधी परत आली नाही. आठवीनंतरची त्या मुलाची वर्षे आमच्या एका रविवारने परत येणार नव्हती.

आपल्या शाळेत आश्विन पौर्णिमेला, गावभर कोजागिरीचे दूध आटत असते त्या संध्याकाळी, गेली काही वर्षे प्रवारणा होते, ती याच घटनेनंतर सुरू झाली, हे येथे प्रथमच लिहीत आहोत. विनयपिटकात वर्षावासाच्या अखेरीस भिक्षू संघापुढे बसून तीनदा विनंती करतो : माझ्याविषयी काही पाहिले असेल, ऐकले असेल वा शंका आली असेल तर अनुकंपेने सांगा. आरंभ करतो तो सर्वांत ज्येष्ठ, कनिष्ठ नव्हे. म्हणून आपल्याकडेही मुलांना काही विचारण्याआधी शिक्षक जमिनीवर बसतात आणि मुलांना विनंती करतात. पहिल्या वर्षी कोणीच बोलले नाही. मुलांना हा काहीतरी नवा सापळा वाटला असावा. दुसऱ्या वर्षी पाचवीतील एक मुलगा उठला आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, "सर, तुम्ही प्रश्न विचारता आणि आम्ही उत्तर शोधेपर्यंत फळा पुसून टाकता."

खडूने भरलेला हात आम्ही तेव्हापासून फळ्याकडे जरा उशिरा नेतो. नेहमी जमते असे नाही. येत्या प्रवारणेस माजी विद्यार्थ्यांनीही यावे, अशी विनंती आहे. ज्यांना आमच्याविषयी काही सांगायचे राहून गेले असेल त्यांनी विशेषकरून यावे. बसण्यास सतरंजी असेल, आणि दूध आम्ही आटवून ठेवू.